वजन कमी करण्याची औषधं आणि ऑपरेशनची भूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातले लोक ऑपरेशनआधी फिटनेस काढायला येतात, तेव्हा बीपीची गोळी, शुगरची गोळी, दम्याचा पंप सगळं बिनचूक सांगतात. वजनासाठी चाललेलं औषध मात्र शेवटी निघतं, तेही खोदून विचारल्यावर. त्याला कोणी औषध समजतच नाही. खालचे प्रश्न तपासणीच्या खोलीत मराठीतून रोज विचारले जाणारे आहेत. उत्तरांत दिलेले दिवस आणि तास विषय समजावा म्हणून आहेत. तुमची नेमकी तारीख तुमचे भूलतज्ज्ञ ठरवतील, कारण तुमचं हृदय, तुमची शुगर आणि तुमचं ऑपरेशन त्यांच्यासमोर असतं.

ऑपरेशन गुडघ्याचं आहे. वजनाच्या औषधाचा तिथे काय संबंध?

गुडघ्याशी नाही, भुलेशी आहे. पूर्ण भूल दिली की गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया थांबते. पोटात अन्न उरलं असेल तर ते घशात येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं आणि पोटातल्या आम्लासकट फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. उपाशीपोटी यायला सांगतात ते एवढ्याचसाठी. वजनाची काही औषधं नेमकं पोट रिकामं होणंच लांबवतात.

दुसरा गट हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणाऱ्या गोळ्यांचा. भुलेत रक्तदाब आधीच वरखाली होत असतो, त्यात या गोळ्या गोंधळ घालतात. तिसऱ्या गटातली औषधं रक्तातलं आम्लाचं प्रमाण बिघडवतात. चौथा गट सगळ्यात त्रासाचा, कारण त्या डब्यात नेमकं काय आहे हे कोणालाच माहीत नसतं.

म्हणून "वजनाचं औषध किती दिवस आधी बंद करू?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी औषधाचं नाव लागतं.

आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन घेते. ते किती दिवस आधी थांबवायचं?

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो. टिर्झेपटाइड म्हणजे माउंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही आलं. त्याआधीपासून सेमाग्लुटाइडची गोळी रायबेल्सस नावानं मिळत होती. लिराग्लुटाइड हे रोज टोचायचं इंजेक्शन त्याहून जुनं. ही औषधं भूक मारतात आणि पोट सावकाश रिकामं करतात. आठ तास काही न खाता आलेल्या माणसाच्या पोटातही आदल्या दिवशीचं अन्न सापडल्याची उदाहरणं जगभरातल्या भूलतज्ज्ञांनी नोंदवली आहेत.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं जून २०२३ मध्ये सोपा नियम सांगितला: आठवड्याचं इंजेक्शन असेल तर ऑपरेशनआधीचा एक आठवडा चुकवा, रोजचं असेल तर त्या दिवशीचं घेऊ नका. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये याच संघटनेनं पोटविकार आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांशी संबंधित संघटनांबरोबर नवा सल्ला दिला, तो मवाळ आहे. बहुतेकांनी औषध चालू ठेवलं तरी चालतं, पण धोका कोणाला जास्त आहे ते आधी बघा, असं तो सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनीही औषध चालू ठेवण्याच्या बाजूनंच मत दिलं.

मग इथले डॉक्टर अजून "एक आठवडा बंद" का सांगतात? कारण तो नियम पाळायला सोपा आहे आणि ठरवून केलेल्या ऑपरेशनला एक डोस चुकला तर वजनासाठी घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही पद्धती चालण्यासारख्या आहेत. अट एकच, तुम्ही हे औषध घेता आणि शेवटचा डोस कोणत्या वारी घेतला, हे भूल देणाऱ्याला माहीत हवं.

धोका जास्त कोणाला? ज्यांनी औषध नुकतंच सुरू केलंय किंवा ज्यांचा डोस वाढवत नेणं चालू आहे, ज्यांचा डोस मोठा आहे, आणि ज्यांना मळमळ, उलट्या, पोट फुगणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, बद्धकोष्ठता असं काही होतंय त्यांना. जुन्या मधुमेहामुळे ज्यांचं पोट आधीच मंद चालतं त्यांनाही.

एक आठवडा बंद केलं म्हणजे पोट नक्की रिकामं?

नाही. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो. टिर्झेपटाइडला सुमारे पाच दिवस. पूर्ण उतरायचं म्हटलं तर महिनाभर किंवा जास्तच जातो. त्यामुळे एक डोस चुकवल्यानं जोखीम कमी होते, संपत नाही. लिराग्लुटाइड त्या मानानं लवकर उतरतं, निम्मं व्हायला तेरा तासांच्या आसपास लागतात.

म्हणून आता काही ठिकाणी ऑपरेशनच्या टेबलवर घेण्याआधी पोटाची छोटी सोनोग्राफी करतात. दोन-चार मिनिटांचं काम, टोचाटोची नाही. आत अन्न दिसलं तर ऑपरेशन पुढे ढकलतात, नाहीतर पोट भरलेलं आहे असं धरून भूल देतात: आधी भरपूर ऑक्सिजन, मग झटकन झोप आणि लगेच श्वासनलिकेत नळी. तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होममध्ये हे सोनोग्राफी यंत्र ऑपरेशन थिएटरपाशी नसेल, तर तिथे भूलतज्ज्ञ थेट दुसरा मार्ग धरतात. तेही बरोबरच आहे.

मी हेच इंजेक्शन शुगरसाठी घेतो, वजनासाठी नाही. मग?

मग स्वतःहून बंद करू नका. वजनासाठी घेणाऱ्याचा डोस चुकला तर थोडी भूक वाढते. तुमचा चुकला तर शुगर वाढते, आणि वाढलेल्या शुगरमुळे जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याची भीती वाढते. थांबवायचं ठरलं तर मधल्या दिवसांत दुसरं काय घ्यायचं हे शुगरच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आदल्या दिवशी काय खायचं? घरात आग्रह होतो की "उद्या उपाशी राहायचंय, आज पोटभर जेव".

हा आग्रह प्रेमाचा आहे, पण या औषधांवर असलेल्या माणसाला तो महागात पडू शकतो. पोट मंद करणारं औषध चालू असेल तर बरेच भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधीचे २४ तास फक्त पातळ आहार सांगतात. गाळलेलं वरणाचं पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, ताक, सरबत असं. भाकरी नाही, भात नाही, मटणाचा रस्सा तर नाहीच. ऑपरेशनसाठी येताना पाहुण्यांनी आणलेला कुंदाही डब्यातच राहू द्या.

सगळ्यांसाठीचे नेहमीचे तास असे: तळलेलं, तुपकट, मांसाहारी जेवण आठ तास आधी बंद. हलकं खाणं, दूध आणि दुधाचा चहा सहा तास आधी बंद. पाणी, साखरपाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे चहाला कोणी खाणं समजत नाही, त्यामुळे "काहीच खाल्लं नाही, फक्त चहा घेतला" हे वाक्य पहाटेच्या ऑपरेशनला हमखास ऐकायला मिळतं. दुधाचा चहा घेतला की सहा तास नव्यानं मोजायचे. ताक, अंबील आणि सोलकढी पातळ असली तरी पाण्यात मोडत नाहीत, त्यांनाही सहा तास लावा.

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी पातळ आहाराच्या दिवशी डोस किती हे आधी विचारून ठेवा. खाणं निम्म्यावर आणि इन्सुलिन तेवढंच, असं झालं तर शुगर धोकादायक खाली येते.

एकादशी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आली. उपवास चालेल ना, नाहीतरी पोट रिकामंच ठेवायचंय?

उपवासाचा प्रकार सांगा. निर्जळी असेल तर नको, शरीरातलं पाणी कमी झालं की भूल देताना रक्तदाब घसरतो आणि शीरही सापडत नाही. साबुदाण्याची खिचडी असेल तर ती दाण्याचा कूट आणि तुपासकट जड जेवणात जमा होते, आठ तास धरा. ज्यांच्या गोळीत पुढे सांगितलेलं "ग्लिफ्लोझिन" आहे त्यांनी तर हा उपवास सोडावाच.

"डापा"ची गोळी शुगरसाठी आहे, वजनही उतरलंय. ती थांबवायची का?

हो, आणि ही सहसा विसरली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यामुळे थोडं वजन उतरतं आणि काही जण त्याच हेतूनं त्या चालू ठेवतात. हृदय कमजोर असलेल्यांना आणि किडनीच्या काही रुग्णांनाही त्या दिल्या जातात, म्हणजे गोळी शुगरची असली तरी घेणाऱ्याला मधुमेह असतोच असं नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये दिलेला सल्ला असा: ऑपरेशनआधी किमान तीन दिवस या गोळ्या बंद, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस. ब्रिटनचा ताजा सल्ला थोडा वेगळा आहे, आदला दिवस आणि ऑपरेशनचा दिवस. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीन दिवसच सांगतात.

कारण समजून घ्या. उपाशी राहिल्यावर आणि ऑपरेशनच्या ताणात शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. या गोळ्यांवर असताना हे शुगर फारशी न वाढताही घडू शकतं. ग्लुकोमीटरवर १८० दिसतंय, सगळे निश्चिंत, आणि रुग्णाला मात्र मळमळ, पोटदुखी, धाप. भुलेनंतर मळमळ तशीही होते, म्हणून कोणाला शंका येत नाही. कीटोनची तपासणी केल्याशिवाय हे कळत नाही.

पट्टीवर बघा. कंपनीचं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. त्याच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलं तर हीच ती गोळी. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत येते, त्यामुळे "मी तर फक्त मेटफॉर्मिन घेतो" असं वाटत राहतं. हृदयासाठी चालू असेल तर थांबवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

भाच्यानं अमेरिकेतून फेंटरमिन आणून दिलंय. ऑपरेशनआधी दोन दिवस थांबवलं तर पुरे?

दोन दिवस कमी आहेत. फेंटरमिन हे १९५९ पासून अमेरिकेत वापरात असलेलं भूक मारणारं औषध, उत्तेजकाच्या जातीचं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण उतरायला चार दिवस. किमान चार दिवस हा हिशेब तिथून येतो. बरेच भूलतज्ज्ञ सावधगिरी म्हणून सात दिवस सांगतात, काही दोन आठवडेही.

यात एक अडचण आहे जी लोकांना उलटी वाटते. उत्तेजक घेतलं तर रक्तदाब वाढेल एवढीच भीती सगळ्यांना असते. पण असं औषध महिनोन्‌महिने घेतलं की रक्तदाब सावरणाऱ्या रसायनांचा शरीरातला साठा उतरणीला लागतो. भूल दिल्यावर रक्तदाब पडतो, आम्ही भूलतज्ज्ञ एफेड्रीन किंवा मेफेंटरमिन देतो, ती औषधं तो साठाच बाहेर काढून काम करतात, आणि साठा नसला तर रिकाम्या हौदाला मोटार लावल्यासारखं होतं. मग थेट रक्तवाहिनीवर काम करणारं दुसरं औषध लागतं. आधी माहीत असलं तर ते भरून हाताशी ठेवता येतं. माहीत नसलं तर दोन मिनिटं शोधण्यात जातात, आणि ती दोन मिनिटं फार असतात.

फेंटरमिन थांबवल्यावर काही दिवस थकवा, झोप, चिडचिड होते. ती उतरते.

टोपिरामेट चालू आहे. तेही बंद करू?

नाही, विचारल्याशिवाय अजिबात नाही. वजनासाठी दिलं असलं तरी ते मुळात फिट्स आणि अर्धशिशीचं औषध आहे, अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. वजनाच्या गोळीत नाल्ट्रेक्सोन असेल तर मात्र आवर्जून सांगा. ते मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा परिणामच अडवतं. गोळीच्या रूपात असेल तर साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर ऑपरेशननंतर दुखणं आवरता येत नाही.

ऑर्लिस्टॅट?

हे जेवणातली चरबी शोषू न देणारं औषध, आतड्यातच काम करतं, रक्तात फारसं जात नाही. ऑपरेशनच्या दिवशी घ्यायचं कारण नाही, जेवणच नसतं. पण खूप महिने घेतलं तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात. के कमी झालं की रक्त गोठायला वेळ लागतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्यांनी दोन्ही औषधांची नावं एकत्र सांगावीत.

आयुर्वेदिक आहे, झाडपाल्याचं आहे. त्याला कशाला बंद करायचं?

दोन वेगवेगळे प्रकार आहेत, ते एकत्र करू नका.

पहिला प्रकार: परवानाधारक कंपनीचं, लेबल असलेलं औषध. मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा, ग्रीन टीचा अर्क, गार्सिनियाच्या कॅप्सूल. जेवणातल्या आमसुलाला कोणी हात लावत नाही, खानापूरच्या घराघरात ते असतंच. पण कॅप्सूलमध्ये गार्सिनियाच्याच जातीतल्या दुसऱ्या फळाचा, कारवार-शिरसीकडे ज्याला उप्पगे म्हणतात त्याचा, दाट अर्क असतो. त्यानं काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच, कपातला चहा वेगळा. असली औषधं ऑपरेशनआधी दोन आठवडे थांबवावीत, असा सर्वसाधारण सल्ला असतो. वैद्यांना सांगून थांबवा, त्यात त्यांचा अपमान नाही.

दुसरा प्रकार: बिनलेबलची पुडी. बाजाराच्या दिवशी मिळते, ओळखीतून येते, कुरियरनं येते, मोबाइलवर जाहिरात बघून मागवली जाते. "महिन्यात दहा किलो" असा दावा असतो. अशा मालात सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध सापडल्याचे इशारे वेगवेगळ्या देशांच्या औषध प्रशासनांनी वारंवार दिले आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून हे औषध २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून काढलं गेलं आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. ते पोटात असताना ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉलसारखं नेहमीचं वेदनाशामक दिलं तर ताप, थरथर, बेचैनी, वाढलेले ठोके असा गंभीर प्रकार होऊ शकतो. काही पुड्यांत लघवी जास्त व्हायचं औषध किंवा जुलाबाचं औषध असतं. वजन उतरतं ते पाण्याचं, आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. पोटॅशियम कमी असताना भूल दिली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पुडी घेत असाल तर ती आजच थांबवायची की हळूहळू, हेसुद्धा डॉक्टरांनाच ठरवू द्या. देशी पुड्यांत कधी स्टेरॉइडही मिसळलेलं असतं, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळतो. उरलेली पुडी फेकू नका, घेऊन या. वासावरून काही कळणार नाही, पण रक्ततपासणी कोणती करायची ते कळतं.

जिममध्ये फॅट बर्नर घेतो. त्यात फक्त कॅफिन आहे म्हणतात.

डब्याचा फोटो काढा, मागच्या बाजूचा. कॅफिनबरोबर योहिम्बिन, सिनेफ्रिन, एफेड्रा असं काही दिसलं तर तेही उत्तेजकच आहे. एफेड्रा असलेली पूरकं अमेरिकेनं २००४ मध्ये बंद केली. किमान २४ तास आधी थांबवा असा जुना सल्ला आहे, पण या डब्यांत एकच पदार्थ असत नाही, म्हणून एक-दोन आठवडे आधी सोडलेलं बरं. नुसतं कॅफिन असेल आणि रोज भरपूर घेत असाल तर अचानक तोडल्यावर डोकं दुखेल. आठवडाभर थोडं थोडं कमी करत या.

आता नाजूक विषय. तालमीत आणि जिममध्ये ताकद यावी म्हणून काही मुलं मेफेंटरमिनची इंजेक्शनं टोचून घेतात. हे तेच औषध, जे आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये पडलेला रक्तदाब वर आणायला वापरतो. तुम्ही ते महिनोन्‌महिने घेत असाल तर आमच्या हातातलं हत्यार बोथट झालेलं असतं. आईवडिलांसमोर सांगू नका, एकट्यात सांगा. ही माहिती तुमच्या उपचारासाठी असते आणि गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे.

नवऱ्याला किंवा सासूबाईंना माहीत नाही की मी वजनाचं इंजेक्शन घेते.

तपासणीच्या खोलीतून बरोबरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा, किंवा नर्सताईंना हळूच सांगा की डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय. कारण विचारलं जाणार नाही. तेही जमलं नाही तर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख एका चिठ्ठीवर लिहून फाईलमध्ये ठेवा.

वजन कमी व्हावं म्हणून थायरॉइडची गोळी घेते.

थायरॉइड कमी आहे म्हणून डॉक्टरांनी दिली असेल तर थांबवू नका, ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. आजार नसताना नुसत्या वजनासाठी घेत असाल तर ते लपवू नका. जास्तीच्या थायरॉक्सिननं ठोके वाढलेले असतात आणि ते शरीरातून उतरायला आठवडे जातात. आधी रक्ततपासणी होईल.

मशेरी लावल्यानं भूक लागत नाही. तीही सांगायची?

सांगा. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचं काम करणाऱ्या बायकांकडून हे उत्तर ऐकायला मिळतं, आणि निकोटीन भूक मारतं हे खरंच आहे. बिडी-सिगारेट असेल तर चार आठवडे आधी सोडलेली उत्तम. तेवढा वेळ नसेल तर आदल्या दिवसापासून तरी सोडा, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तेवढ्यात बराच उतरतो. ऑपरेशनच्या सकाळी मशेरी, गुटखा, तंबाखूचा विडा काहीही तोंडात नको.

कंबरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन आहे, पूर्ण भूल नाही. तरी हे सगळं लागू?

लागू. कंबरेतल्या भुलेत रक्तदाब उतरतोच. शिवाय ऑपरेशन लांबलं किंवा भूल अपुरी पडली तर मध्येच पूर्ण भूल द्यावी लागते, तेव्हा पोट रिकामं आहे का हे नव्यानं बघता येत नाही.

अपेंडिक्स फुटलं, आज रात्रीच ऑपरेशन. औषध तर काल घेतलंय.

ऑपरेशन होईल. तातडीच्या वेळी औषध उतरायची वाट बघत नाहीत. तुम्ही फक्त सांगा काय घेतलंय आणि कधी. बेशुद्ध रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांनी घरातून सगळ्या पट्ट्या आणि फ्रिजमधलं इंजेक्शनचं पेन पिशवीत घालून आणावं. हे पेन फ्रिजमध्ये राहतं आणि त्यामुळे गोळ्यांच्या डब्यात कोणाला सापडत नाही.

औषध कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिलं, ऑपरेशन बेळगावला आहे. कागद कोण बघणार?

सीमाभागातला नेहमीचा घोळ. निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, अथणी-कागवाडचा मिरज-सांगलीला, खानापूरचा कधी गोव्यातल्या बांबोळीला, आणि ऑपरेशन बेळगावात सिव्हिलला किंवा केएलईला. दोन राज्यांतले दोन डॉक्टर, दोन फाइली, आणि मधला दुवा म्हणजे तुम्ही. दोन्हीकडची प्रिस्क्रिप्शनं एकाच पिशवीत आणा. रिकामी झालेली पट्टीसुद्धा चालते, नाव वाचता आलं पाहिजे इतकंच. मेडिकलवाल्यानं पट्टी कापून चार गोळ्या दिल्या असतील तर नाव गेलेलं असतं, मग बिल आणा.

संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल तर सही करण्याआधी मराठीतून समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि बेळगावच्या बहुतेक दवाखान्यांत मराठी बोलणारं कोणी ना कोणी असतंच. त्यातही "औषधं थांबवण्याच्या सूचना" हा भाग वहीत मराठीत उतरवून घ्या: औषधाचं नाव, शेवटचा डोस कोणत्या तारखेला, पुन्हा कोण सांगेल तेव्हा सुरू.

थांबवायला सांगितलेली गोळी विसरून घेतली. आता सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल म्हणून गप्प बसू?

गप्प बसू नका, दवाखान्यात निघायच्या आधीच फोन करा. कधी ऑपरेशन दोन-चार दिवस पुढे जातं, कधी फक्त भुलेची पद्धत बदलते, कधी काहीच बदलत नाही. यातलं कोणतं, हे भूलतज्ज्ञच सांगू शकतात.

बीपीची, हृदयाची, फिटची गोळीही थांबवू का? सगळंच बंद केलेलं बरं ना?

नाही! "सगळं बंद" हा सल्ला शेजारीपाजारी फार उदारपणे देतात. बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळीही घ्यायच्या असतात, काही नसतात. फिटची, दम्याची, थायरॉइडची चालू राहते. रक्त पातळ करणारी गोळी हा स्वतंत्र विषय आहे, ती स्वतः थांबवूही नये आणि चालूही ठेवू नये, विचारावंच लागतं.

पुन्हा कधी सुरू करायचं?

नीट खायला-प्यायला लागल्यावर आणि मळमळ थांबल्यावर. "ग्लिफ्लोझिन"ची गोळी तर जेवण पूर्ववत झाल्याशिवाय नकोच. फेंटरमिन किंवा फॅट बर्नर टाके दुखत असताना, वेदनाशामक चालू असताना सुरू करू नका. आठवड्याच्या इंजेक्शनचे दोन किंवा जास्त डोस लागोपाठ चुकले असतील तर पूर्वीच्याच मोठ्या डोसवर उडी मारू नका, उलट्यांनी हैराण व्हाल आणि टाक्यांवर ताण येईल. किती डोसपासून सुरुवात करायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

तेवढ्या दिवसांत वजन परत वाढेल ना?

एक-दोन आठवड्यांत थोडी भूक वाढेल, एखादा किलो वरखाली होईल. ऑपरेशननंतर शरीराला प्रथिनं लागतात, डाळ, अंडी, दूध, मासे व्यवस्थित खा. जखम भरायच्या काळात वजन उतरवण्याच्या मागे लागायचं नसतं.

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. थांबवलेलं औषध तसंच बंद ठेवू की सुरू करू?

नवी तारीख विचारा आणि त्याच फोनवर औषधाबद्दलही विचारा. दोन-तीन दिवसांनी पुढे गेली असेल तर सहसा बंदच ठेवायला सांगतात. महिनाभर गेली असेल तर शुगरचं औषध चालू करून नव्या तारखेप्रमाणे पुन्हा थांबवावं लागतं, आणि वहीत लिहिलेली जुनी तारीख खोडून नवी लिहावी लागते.